डाग आत उतरला नव्हता

गोंदिया,
ता. ६ डिसेंबर १९३८

प्रिय रुख्माबाई,

पत्र जाड आहे म्हणून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत आणि सगळ्यांत धडधाकट मी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण भावाचं पाकीट हाती आलं की तू ते कानाशी हलवून बघतेस, जणू आत वाईट बातमी खुळखुळत असावी. अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत. जोडाक्षर आलं की तू अजून ओठ हलवतेस हे मला ठाऊक आहे, पण त्याचा दोष तुझा नाही. शिकवणारा मास्तरच सात वर्षांचा होता. दुधरामभाऊजी धानाच्या गाड्या घेऊन इथे गिरणीवर आले आहेत, उद्या परत निघतील. त्यांच्या हाती हे पत्र देतो आहे आणि सोबत एक गाठोडं. गाठोडं पत्र वाचून झाल्यावरच सोड. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून त्याला चांगल्या सात गाठी मारल्या आहेत.

आता कबुली देतो. दसऱ्यानंतर शिक्षकांच्या सभेसाठी नागपूरला जातो आहे, असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं होतं. मी गेलो होतो पोट कापून घ्यायला. भादव्यात शाळेत मुलांसमोर पाढे घेता घेता दुखणं उठलं आणि मी फळ्याखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलो. मुलांना वाटलं मास्तर काही नवा खेळ शिकवताहेत. घरी आलो, हिरवं कडू पाणी ओकलो, आणि नेहमीसारखं बरं वाटलं. मी म्हटलं, झालं, संपलं. पण कुंदाचं तोंड पाहिलं आणि समजलो की या वेळी संपलेलं नाही. तिनं स्वच्छ सांगितलं की तुम्ही नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जात नसाल, तर मी मुलं घेऊन माहेरी जाते. बायकोपुढे मास्तरकी चालत नाही. तुला कळवलं नाही, कारण तू पायी निघाली असतीस, आणि वाटेत प्रत्येक देवळात माझ्यासाठी नाक घासलं असतंस. शिवाय तुझ्या मनात पहिली गोष्ट काय आली असती तेही मला माहीत होतं. तुला तो डाग आठवला असता.

त्या डागाबद्दल आपण दोघं कधी धड बोललोच नाही, बाई. एकतीस वर्षं झाली. आज मी बोलणार आहे, आणि तू मध्येच उठून चुलीकडे जाऊ नकोस. त्या वर्षी भादव्यात गावच्या तलावाची पाळ पाझरायला लागली होती. बाबा आणि गावातले सगळे बाप्ये टोपल्या-फावडी घेऊन पाळीवर होते. आई जाऊन दोन वर्षं झालेली. तलाव बांधणाऱ्या आणि राखणाऱ्या कोहळ्याच्या घरात तलाव फुटायला आला असताना पोराच्या पोटदुखीला कोण विचारतो? मी सकाळपासून लोळत होतो. तू तेरा वर्षांची. ओव्याचा शेक दिलास, हिंग लावलास, बेंबीवर तेल चोळलंस, आणि काही उतार पडेना तेव्हा शेजारच्या जमुनाबाईला बोलावून आणलंस. पोटशूळाला डाग द्यायला पंचक्रोशीतले लोक तिच्याकडे यायचे. पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिनं विळ्याचं टोक चुलीत लाल केलं आणि विळा तुझ्या हातात दिला. कुठे टेकवायचा ते मात्र तिनं बोटानं दाखवलं.

बेंबीच्या वर तीन रेघा द्यायच्या होत्या. पहिल्या दोन तू अशा ओढल्यास की जमुनाबाईनंही ओढल्या नसत्या. तिसऱ्या वेळी विळा घसरला आणि बसला. मी बोंबललो ते पाळीवर ऐकू गेलं म्हणतात. जमुनाबाईनं हातानं चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "पोरीचा हात हालला. डाग आत उतरला." बस, एवढंच. म्हातारी आपल्या घरी गेली आणि तिचं ते बोलणं आपल्या घरात राहिलं. जखम महिनाभर चिघळली. त्या महिन्यात मी अंथरुणावर पडून पाटीवर बाराखडी गिरवायचो आणि तू कडुलिंबाचं पाणी लावता लावता ती बघून शिकलीस. त्या डागानं एवढं एकच काम चांगलं केलं, की हे पत्र तुला कोणाकडून वाचून घ्यावं लागत नाही.

त्यानंतर माझं पोट दुखलं की घरात सगळे तुझ्याकडे बघायचे आणि तू उठून चुलीकडे जायचीस. पोटभर जेवलो की दोन तासांनी वर फुगारा, मग कळ, मग ओकारी, मग आराम. वर्षातून आठ-दहा वेळा तरी. तुझं लग्न झालं, तू चिचगडला गेलीस, पण सणाला माहेरी आलीस की वाढताना माझ्या ताटात सगळ्यांपेक्षा कमी भात पडायचा. बाहेरच्यांना वाटायचं बहीण हात आखडून वाढते. मला कळायचं की तू माझ्या पोटाला भिऊन वाढतेस. आणि मी, मास्तर झालेला माणूस, वीस वर्षं मुलांना कार्यकारणभाव शिकवतो, पण मला एक साधी गोष्ट सुचली नाही. अगं, पोट दुखत होतं म्हणून तर डाग दिला. मग दुखणं डागानं आलं हे आपण सगळे धरून कसे चाललो? जमुनाबाईचं म्हणणं असं की साधी कळ होती, ती निघून गेली असती, पण डाग आत जाऊन बसला. आणि आपण मान डोलावली. आपल्याकडे डाग बरोबर बसला तर देवीची कृपा, चुकला तर पोरीचा हात.

नागपूरला डॉक्टर केशोराव म्हणून आहेत, चाळिशीचे, बारीक, बोलण्यात तुझ्यासारखे फटकळ. त्यांनी मला आधी पेलाभर पांढरं पाणी प्यायला लावलं, खडू कालवल्यासारखं. वीस वर्षं खडू हातात धरला, पण तो पिण्याची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मग अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढे उभं करून पोटाचा फोटो काढला. बाई, मी माझं जठर पाहिलं. भिस्त्याची पखाल असते ना, तसं कमरेपर्यंत लोंबत होतं, आणि खालचं तोंड कोणीतरी चिमटीत धरल्यासारखं बारीक. डॉक्टर म्हणाले की बाहेरून काहीतरी आवळतं आहे, आत गेलेलं अन्न पुढे सरकत नाही, उघडून बघावं लागेल. मग त्यांची नजर माझ्या पोटावरच्या तीन रेघांवर गेली. मी तोंड दुसरीकडे केलं आणि विचारलं की हे त्याच्यामुळे असेल का. ते म्हणाले, "उघडल्यावर सांगतो. अंदाजानं बोलणारा मी वैदू नाही."

माझी छाती खोकल्यानं कमजोर झालेली, म्हणून क्लोरोफॉर्म देता येईना. त्यांनी पोटावर सगळीकडे सुया टोचल्या आणि सांगितलं की कातडी आणि तिच्याखालचे थर बधिर होतील, आतल्या जठराला मात्र मी सुई लावणार नाही, त्याची गरज पडत नाही. म्हणजे मी जागा, डोळे उघडे, छातीवर चादरीचा आडपडदा, आणि पलीकडे माझंच पोट उघडं. मी रामरक्षा सुरू केली, पण भीतीनं तिसऱ्याच ओळीवर अडकलो आणि सतराचा पाढा म्हणू लागलो. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं की काही जाणवतं आहे का. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, आत्ता मी तुमच्या जठराला चिमटा लावला. थोड्या वेळानं मला जळका वास आला, केस जळल्यासारखा. मी विचारलं, काय जळतं आहे. पलीकडून शांत आवाज आला, "तुमचंच. रक्त थांबवायला तापलेली तार लावतो आहे. दुखतं?" दुखत नव्हतं. बाई, नीट वाच, परत वाच. सुई न लावलेल्या आतल्या पोटावर लाल तार टेकवली होती आणि मला काहीही कळत नव्हतं.

आणि मग त्यांनी जठर धरून जरा वर ओढलं. तेव्हा मी किंचाळलो. हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं. तीच कळ, तीच जागा, सातव्या वर्षापासून माझ्याबरोबर राहिलेली. डॉक्टरांनी लगेच हात सैल सोडला आणि ती विरली. मला घाम फुटला होता आणि मी हसत होतो. नर्सला वाटलं मास्तरांचं डोकं फिरलं. पण मला त्या क्षणी अर्धं कळून चुकलं होतं. उरलेलं अर्धं त्यांनी चौथ्या दिवशी खाटेजवळ स्टूल ओढून समजावलं.

ते म्हणाले, मास्तर, कातडीतले ज्ञानतंतू पहारेकऱ्यासारखे असतात. सुरी आली, काटा आला, विस्तव आला, की ओरडतात. कारण ही संकटं बाहेरून येतात आणि कातडी बाहेर आहे. जठरापर्यंत सुरी आणि विस्तव कुठे पोचतात? म्हणून त्याच्या ज्ञानतंतूंना असला चिरा किंवा चटका ओळखताच येत नाही. त्यांना कळतो तो ताण. जठराच्या भिंतीत ते बारीक धाग्यांसारखे पसरलेले असतात. अन्न आलं, भिंत जरा ताणली, की ते वर निरोप धाडतात की आता बस. ताण वाढतच गेला की तोच निरोप कळ होतो. विलायतेत म्हणे काही लोकांनी रबराचा फुगा गिळून पोटात हवा भरून घेतली, फक्त हे पाहायला की भरल्यासारखं कधी वाटतं आणि दुखायला कधी लागतं. मी म्हटलं, डॉक्टर, आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत व्याह्यावर हाच प्रयोग होतो, फुग्याशिवाय. ते पोट धरून हसले आणि मला मात्र टाक्यांमुळे हसता आलं नाही.

मला बाबा आठवले. पावसाळ्यात ते पाळीवर अनवाणी फिरायचे. गुरांनी पाळ तुडवली, कोणी कुदळीचा घाव घातला, तरी ते फार मनावर घेत नसत. म्हणायचे, पाळीला कुदळीचं भय नाही, रेट्याचं आहे. पाणी चढलं की त्यांच्या तळपायाला पाळीतली थरथर कळायची आणि मग ते तुडुमाचं तोंड उघडायला धावायचे, पाणी सोडून द्यायला. माझ्या पोटाचं तुडुम जन्मापासून आवळलेलं होतं, एवढीच गोष्ट. डॉक्टरांना आत एक पांढरा पट्टा सापडला, दोन बोटं लांब, सुतळीएवढा जाड, जठराच्या तोंडापलीकडे आडवा बसलेला. आईच्या पोटात असतानाच असा पट्टा राहून जातो कधी कधी, असं ते म्हणाले. मी परत विचारलं, आणि डागाचं काय? त्यांनी सांगितलं की मी चिरा तुमच्या त्या रेघांमधूनच घेतला, मुद्दाम पाहिलं. डाग कातडीच्या जाडीएवढाही खाली गेलेला नाही. आतून पोटाची भिंत लहान मुलाच्या पोटासारखी स्वच्छ आहे. "विळ्यानं तुमच्या कातडीचं वाकडं केलं, पोटाचं नाही," हे त्यांचे शब्द. मी त्यांना ते तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा ते चिडले.

त्यानंतर पेज, मग मऊ भात, मग वरण-भात. दिवाळी दवाखान्यातच गेली. परवाच्या रविवारी घरी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो. भात घेतला, पुन्हा घेतला, आणि एका घासाला आतून कोणीतरी हळूच म्हणालं की पुरे. कळ नाही, फुगारा नाही, फक्त पुरे. अडतिसाव्या वर्षी मला कळलं की लोक ताटावरून हात धुताना तृप्त कशानं दिसतात. मी ताटावर तसाच बसून राहिलो. कुंदा घाबरून धावत आली आणि मी रडताना दिसलो. मग तीही बसली.

आता जे सांगायचं ते जड आहे, म्हणून इतका वेळ फिरवून आणलं. कुंदानं मला न विचारता भाऊजींना निरोप धाडला होता. ते तुला बैल बघायला जातो सांगून आमगावला गाडीत बसले आणि दवाखान्यात आले. त्या दिवशी नर्सनं माझ्यासाठी वाटीभर मऊ भात आणला. भाऊजी त्या वाटीकडे बघतच राहिले. मी विचारलं, काऊन भाऊजी? तर म्हणाले, "मास्तर, तुमची बहीण एकवीस वर्षांपासून भात नाई खात. मालूम हाये का तुमाले?" मी म्हटलं, हो, तिला मानवत नाही. ते म्हणाले, "मानवत नाई कायचं. भावाचं पोट बरं होयेपर्यंत भाताले तोंड लावाचं नाई, असं म्हणून राहिली आजपर्यंत." एवढं बोलून ते उठले आणि पाणी आणतो म्हणून बाहेर गेले. पाणी माझ्या उशाशीच होतं.

एकवीस वर्षं म्हटल्यावर मला हिशेब करावा लागला नाही. तो पोळ्याचा दुसरा दिवस होता. मास्तरकीच्या नॉर्मल स्कूलच्या परीक्षेला नागपूरला जायचं होतं आणि आदल्या रात्री दुखणं उठलं, गाडी चुकली, वर्ष गेलं. मी सतरा वर्षांचा, राग नाकावर. तू माहेरी आलेली. सगळे जेवायला बसलेले, तू माझ्या ताटात नेहमीसारखा कमी भात वाढलास आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुयाच हातानं माया पोटाची वाट लागली." सगळे माना खाली घालून जेवत राहिले, बाबासुद्धा. तू भाताचं भांडं खाली ठेवलंस, पदरानं हात पुसलास आणि मग स्वतः जेवायला बसलीस तेव्हा तुझ्या ताटातला भात न खाता मागे ठेवलास. मी ते पाहिलं होतं. पुढे दर वेळी तुझ्या ताटात कोदोच्या कण्या किंवा भाकर पाहिली, आणि तू म्हणालीस मानवत नाही, तर मी मानून घेतलं, कारण मानून घेणं सोपं होतं. तू चिखलात उभी राहून रोवणी केलीस, धान कापलंस, कांडलंस, दहा माणसांना रांधून वाढलंस, आणि स्वतः एक शीत तोंडात घातलं नाहीस. आणि तिसऱ्या रेघेच्या वेळी काय झालं होतं तेही आज सांगतो, जे मी कधीच कोणाला सांगितलं नाही. तुझा हात हालला नव्हता. मी लाथ मारली होती. जमुनाबाईला दिसत नव्हतं. मला माहीत होतं, तरी मी गप्प राहिलो. सातव्या वर्षी भीतीनं राहिलो असेन, पण सतराव्या वर्षीही राहिलो.

म्हणून हे पत्र, बाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी जे बोललो ते परत घेतो. ते चूक होतं, डॉक्टरांच्या हिशेबानंही आणि माझ्याही. आता गाठोडं सोड. आत एक लहान बाटली आहे, तिच्यात औषधाच्या पाण्यात एक पांढरा पट्टा आहे. मी डॉक्टरांकडून हट्टानं मागून आणला. उजेडात धरून नीट बघ. माझ्या पोटात होता तो हा, आणि तो कोणाच्याही विळ्यानं झालेला नाही. तुला शब्दांवर विश्वास बसत नाही, डोळ्यांवर बसतो, म्हणून पाठवला. बाटलीच्या खाली बाबांच्या तलावाखालच्या धानाच्या बांधीतला नवा चिन्नोर तांदूळ आहे, चार वेळा पुरेल एवढा. माझं पोट बरं झालं आहे, म्हणजे तुझा बोल पुरा झाला, देवाशी तुझं काही राहिलं नाही. भाऊजींना सांगून ठेवलं आहे की तू पत्र वाचून उठलीस की चुलीवर आधण ठेवायचं. त्यांना स्वयंपाक येत नाही, भात करपवतील, तेव्हा तूच उठ. गरम वाढून घे, वर थोडं तूप, आणि माझ्यासाठी थांबू नकोस, मी पुढल्या रविवारी येतोच आहे. ताटात भरपूर वाढून घे, मला वाढायचीस तसं कमी नको. पुरे झालं की पोट आपणहून सांगतं, हे आता मी अनुभवानं सांगतो. ते सांगेपर्यंत खा.

तुझाच,
उदाराम